कडूबाची उरलेली सजा

कडूबाला सहा महिन्यांची सजा झाली ती एका गादीपायी. निजामाच्या राज्यात वेठबिगार कागदावर केव्हाच बंद झाली होती; पण कागद हैदराबादेत, आणि आमचं गाव हसनाबादेच्या पलीकडे. दौऱ्यावर आलेल्या साहेबाची गादी फुकट वाहायची पाळी कडूबावर आली, तर या गड्याने ती भर नदीत नेऊन ठेवली. वर म्हणतो, "उन्हानं तापली असंल साहेब, म्हणून भिजवली."

तीन महिने जालन्याच्या जेलात काढल्यावर हुकूम आला. चांगल्या वागणुकीच्या कैद्यांनी गावी जावं आणि उरलेले दिवस राजूरच्या सडकेवर खडी फोडावी. अट एकच: कैदी दिवसभर पोलीस पाटलाच्या नजरेखाली पाहिजे. नजरेआड झाला, तर पाटलाची पाटीलकी जाणार. कडूबाची चांगली वागणूक कुणाला कुठे दिसली, ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण सुटला खरा.

पाटील होते भुजंगराव. घरापासून चावडी वीस पावलांवर, तरी घोड्यावरून जाणारे! आठ दिवस कडूबाने इमानाने खडी फोडली. नवव्या दिवशी पाटील म्हणाले, "उद्यापासून आमच्या शेतात शाळू ज्वारी काढायला ये. हजेरी सडकेचीच लावतो."

"कागदात सडक लिव्हली हाय, पाटील. तुमचं शेत न्हाई."

"मंग जातो का माघारी जेलात? वाईट शेरा मारायला मला किती वेळ लागतो?"

घरच्या शेतात त्याची बायको चतुराबाई एकटीच दोन एकर ज्वारी काढत होती. नवरा सुटून आल्यापासून ती रोज काजळ घालते, असं बाया सांगायच्या. मी काही बघायला गेलो नव्हतो. तिने सगळं ऐकलं, पण हातातला विळा थांबवला नाही.

"अवो, तीन महिने एकटीनं काढले, आणखी तीन काढीन. पण त्याच्या शेतात वाकलेले दिसलात, तर भाकर बी त्याच्याच घरी मागा."

सकाळी कडूबा चावडीसमोर उभा. "चला पाटील, भोकरदनला."

"कशाला रे?"

"राह्यलेली सजा जेलातच काढतो, असं तहसीलदार साहेबाला सांगाया."

"मंग जा की!"

"एकटा कसा जाऊ? नजरेआड झालो तर तुमची पाटीलकी जाईल. मला तुमची फिकीर न्हाई का?"

पाटील घोड्यावर बसले. कडूबाने गाडीवाट सोडली आणि सरळ शेतांतून, बांधांवरून, काटेरी ओघळीतून निघाला. ओघळीपाशी घोडं अडलं. पाटील खाली उतरले, आणि मग काय विचारता! काळ्या ढेकळांत जोडे रुतले, धोतर बोरीच्या काट्यात अडकलं. कडूबा दर बांधावर थांबून ओरडायचा, "जल्दी, पाटील! दिसून राह्यलो ना बराबर?"

काढणी सोडून माणसं बांधावर आली. म्हाताऱ्या सगुणाबाईने पाण्याचा तांब्या आणला. आधी कैद्याला पाजला, मग पाटलाला.

कचेरीत तहसीलदारांनी विचारलं, "अरे, मोकळा असताना जेल का मागतोस?"

"साहेब, खडी सरकारची म्हणून फोडली. पाटलाचा शाळू काढला, तर पुन्हा वेठच झाली की. तीच करायची होती तर गादी कशाला भिजवली असती?"

तहसीलदारांनी पाटलाकडे बघितलं, पण पाटलाला शब्दाने दुखवलं नाही. कडूबाची जालन्याला रवानगी झाली. पाटलांना मात्र गावात येताना सगळ्या बांधांवरून एकच विचारणं: "पाटील, पाय कसे हायेत?"

चतुराबाईची दोन एकर बायांनी मिळून चार दिवसांत काढून दिली. पाटलाच्या शाळूला मात्र त्या साली फुकट विळा लावायला कुणी गेलं नाही. पाखरांनी खाल्ला, पोटभर.