खोलीत माणसं किती

बहारीनमध्ये मी जे काम करायचो त्याला माझ्या कार्डावर इंजिनियर असा शब्द छापलेला होता. प्रत्यक्षात मी टेप घेऊन लोकांच्या घरांत आणि छोट्या ऑफिसांत शिरायचो, खोली मोजायचो आणि तिला एसी बसवायला किती खर्च येईल ते कागदावर लिहून द्यायचो. नव्वदीतली वर्षं होती. भिंत फोडून बसवायचे विंडो एसीच तेव्हा बहुतेक ठिकाणी चालत.

मला चार गोष्टी विचाराव्या लागत. खिडकी कुठल्या दिशेला, वर दुसरा मजला आहे की उघडी गच्ची, आत शेगडी किंवा मशीन काय काय चालतं, आणि खोलीत माणसं किती. पहिल्या तिन्हींची उत्तरं लोक खरी देत. चौथ्याचं खरं उत्तर सहसा कुणी देत नसे. ज्याला मोठेपणा मिरवायचा असे तो आकडा वाढवी, ज्याला पैसे वाचवायचे असत तो घटवी. मनामातल्या एका ट्रॅव्हल एजंटचं ऑफिस म्हणजे दहा बाय बाराची खोली. त्यात एक टेबल, टेबलामागे एखाद्या मंत्र्याला शोभेल अशी फिरती खुर्ची, भिंतीवर विमानांची चित्रं. एका वेळी वीस माणसं असतात, असं त्यानं सांगितलं. मी तिथे तासभर होतो. तेवढ्यात एकच माणूस आला, आणि तो शेजारच्या शिंप्याचं दुकान कुठे ते विचारून गेला.

याच्या उलट मआमीरची गोष्ट. तिथे कामगारांच्या खोल्यांसाठी एका कंत्राटदारानं बोलावलं होतं. या खोलीत चार जण राहतात, असं तो म्हणाला. मी वाद घातला नाही. दाराबाहेर चपला होत्या त्या मोजल्या. चौदा जोड. कागदावर चौदा लिहिलं, त्यानं ते खोडून चार केलं आणि खाली झोकदार सही ठोकली.

मशीनची किंमत गिऱ्हाइकांना तोंडपाठ असे. बसवण्याचा खर्च सांगितला की त्यांचा चेहरा उतरे. भिंत फोडायची, लाकडी चौकट करायची, मेन बोर्डापासून वेगळी वायर ओढायची, पाणी खालच्या माणसाच्या गाडीवर ठिबकू नये म्हणून पाइप काढायचा. भिंतीला पाडायच्या भोकाचे पैसे हा आकडा तर कुणालाच पटत नसे. एका गृहस्थांनी मला शांतपणे विचारलं होतं की जे तिथे नसणार आहे त्याचे पैसे मी कसे काय लावतो.

मोठं मशीन घेऊ नका, हे मात्र मी प्रत्येकाला तळमळीनं सांगायचो. बहारीनची उन्हाळ्यातली हवा नुसती तापलेली नसते, ओलीही असते. मशीन चालत राहिलं तरच हवेतलं पाणी निघतं. खोलीच्या मानानं ते मोठं असलं, तर पाच मिनिटांत खोली गार करून बंद पडतं आणि पाणी आतच राहतं. मग माणूस थंडगार आणि चिकट अशा दोन्ही त्रासांत एकदम सापडतो. ट्रॅव्हल एजंटला मी हे सगळं समजावलं. त्यानं ऐकून घेतलं आणि सर्वांत मोठं मशीन मागितलं.

त्या एजंटला मी बराच काळ हसलो. मग माझी पाळी आली.

सहा वर्षं मी कंपनीच्या खोलीत आणखी तिघांबरोबर काढली होती. पगार वाढला तसा फॅमिली व्हिसा मिळण्यासारखा झाला. बायको भंडारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, मुलगी पाच वर्षांची. उन्हाळ्याच्या सुटीत राजीनामा द्यायचा आणि जूनमध्ये दोघींनी यायचं, असं पत्रांतून ठरलं. मी सनाबिसमध्ये दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. घरमालकाला एसीबद्दल विचारलं, तर तो मफी, म्हणजे नाही, म्हणाला. भाडेकरूनं स्वखर्चानं बसवावा आणि जाताना भिंत होती तशी करून द्यावी.

एका संध्याकाळी मी माझीच खोली मोजली आणि कोष्टक भरायला बसलो. खिडकी पश्चिमेला. वर गच्ची. माणसं तीन. मग वाटलं, शेजारच्या खोलीत भाकरी होणार, तिची धग इकडे येईल. मुलगी दार उघडं टाकून आत-बाहेर करणार. शुक्रवारी चार मंडळी येतील, घर म्हटलं की माणसं येणारच. प्रत्येक वाक्याला आकडा वाढत गेला. दीड टनात काम भागलं असतं, मी दोन टनांचं मशीन मागवलं. आजवर कुठल्याही गिऱ्हाइकाला मी एवढी मोकळीक दिली नव्हती.

ते बसवायला आमचा मेकॅनिक आला. राजापूरकडचा, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. मी त्याला दादा म्हणायचो, तो मला इंजिनेर म्हणायचा आणि त्या शब्दात जेवढा मान होता तेवढीच मजाही होती. त्यानं मशीनकडे पाहिलं, खोलीकडे पाहिलं आणि छिन्नी घेतली. भिंतीला मोठं भगदाड पडलं. या सगळ्याला माझा दीड महिन्याचा पगार गेला, त्यातला निम्मा त्या भगदाडाच्या आसपास. दुसऱ्या दिवशी मी ईसा टाउनच्या बाजारात जाऊन बायकोसाठी आणि मुलीसाठी घरात घालायच्या सपाता आणल्या. मुलीचं माप अंदाजानं घेतलं. दाराशी माझा धरून तीन जोड मांडून ठेवले.

जून आला. राजीनाम्याचा अर्ज मुख्याध्यापकांकडे आहे, असं पत्र आलं. जुलैत आलं, की नवा शिक्षक मिळेपर्यंत थांबायला सांगितलंय. ऑगस्टमध्ये पत्र आलं नाही, आणि ऑगस्टात इथली हवा पिळून काढता येईल इतकी ओली असते.

मशीन पाच मिनिटं गरजायचं आणि गप्प व्हायचं. त्या शांततेत मी अंगावर चादर ओढून बसायचो, आणि चादर दमट असायची. घरून आणलेली पेटीभर पुस्तकं होती. त्यांची पानं फुगली, पुठ्ठ्यांवर हिरवट बुरशी धरली. त्यातल्या एका जाड ग्रंथाचे तर दोन भाग आपोआप झाले. एरवी तो वाचून संपण्याची शक्यता नव्हतीच. हे कशानं होतंय ते मला कळत होतं. तरी मी ऑफिसच्या तक्रारवहीत लिहिलं, थर्मोस्टॅट बिघडला आहे.

ईसा टाउनला आमच्यातलं एक कुटुंब राहत होतं. शुक्रवारी त्यांच्याकडे बुद्धवंदना व्हायची, मग जेवण. त्यांची मुलं आईच्या मराठीला इंग्रजीत उत्तरं देत, आणि मला वाटायचं, आपलीही अशीच देईल. घरच्या बाई प्रत्येक वेळी वाढताना विचारत, वहिनी कधी येणार. मी सांगायचो, व्हिसाचं चाललंय. व्हिसा दोन महिन्यांपासून माझ्या खणात होता.

माझी सुटी शुक्रवारी, तिची रविवारी. म्हणून रविवारी दुपारी जेवणाच्या सुटीत मी कार्ड घेऊन रस्त्यावरच्या बूथमधून फोन करायचो, आणि ती तालुक्याला एसटीडी बूथवर येऊन बसायची. बूथवाला सगळं ऐकत असे, त्यामुळे आमचं बोलणं सहसा तब्येत आणि पाऊस यांपलीकडे जात नसे. सप्टेंबरच्या एका रविवारी मात्र तिला बूथवाल्याची पर्वा नव्हती.

"तुम्ही सकाळी जाल, संध्याकाळी याल," ती म्हणाली. "मी दिवसभर त्या गार खोलीत काय करू?"

मी म्हणालो, सवय होईल.

"बरं, किती वर्षं राहायचं तिथं?"

दोन, असं मी म्हणालो. हा आकडा मी आधी कधी उच्चारला नव्हता.

"दोन वर्षांसाठी नोकरी सोडू? पाच वर्षं वाट पाहून मिळाली, तुम्हाला तर माहीत आहे. मी अर्ज परत घेतलाय जी. तुम्हाला सांगायची हिंमत होत नव्हती."

कार्ड संपायला आलं होतं. मी एवढंच म्हणालो की सध्या खोलीत फार उकडतंय. तेही खोटंच होतं, तिथे मला थंडी वाजायची.

त्याच आठवड्यात तक्रार पाहून दादा आला. दारातच थबकला आणि नाक मुरडलं.

"इंजिनेर, ही खोली हाय का इहीर?"

त्यानं थर्मोस्टॅट उघडून पाहिला, नवाकोरा होता, तसाच बंद केला. पुस्तकं उचलून परत ठेवली. मग उंबऱ्याशी गेला आणि खाली बघत उभा राहिला. चपला मोजायची युक्ती त्याला मीच शिकवली होती. त्यानं बायकोची सपात उलटी करून तळ पाहिला. मुलीचीही पाहिली. तळावर किमतीचे कागद चिकटलेले होते. दोन्ही जोड त्यानं होते तसे नीट ठेवले.

"माणसं किती?" त्यानं विचारलं. तो हसत नव्हता.

मी हा प्रश्न शेकडो घरांत विचारला होता. त्याचं खरं उत्तर लोक का देत नाहीत, ते त्या दिवशी कळलं.

"एक," मी म्हणालो.

"मग ह्या मशीन काढूया. एक टनाचा लावतो. भोक मोठा ऱ्हायल, त्याला प्लायवूड मारू."

दोन टनांचं मशीन कंपनीनं वापरलेल्या मालाच्या भावात परत घेतलं आणि मआमीरच्या त्या कंत्राटदाराला विकलं. त्या खोलीतलं जुनं मशीन पहिल्याच उन्हाळ्यात जळालं होतं, अर्थात चार माणसांमुळे. नवीन मशीन दिवसरात्र न थांबता चालतं, असं दादानं नंतर सांगितलं. मला ऐकून बरं वाटलं.

माझ्याकडे छोटं मशीन आलं. त्याच्या दोन्ही बाजूंना प्लायवूडच्या पट्ट्या, त्यांच्या मागे थर्माकोल. हे सगळं सलग, एका सुरात गुणगुणत राहायचं. आठवड्याभरात चादर कोरडी झाली. पुस्तकं मी गच्चीवर उन्हात घातली. ती वाळली, पण पुन्हा सपाट झाली नाहीत.

मग मी बायकोला पत्र लिहिलं. नोकरी सोडू नको. मे महिन्याच्या सुटीत दोघी महिनाभर या, मी व्हिजिट व्हिसा काढतो. मुलीच्या पायाचं माप पाठव, इथला जोड आता तिला लहान होईल. छोटा एसी लावल्याचंही त्यातच कळवलं. कारण दिलं नाही.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. येऊ, असं तिनं लिहिलं होतं. सोबत वहीच्या कागदावर पेन्सिलीनं काढलेलं एक पाऊल होतं. माझ्या अंदाजापेक्षा ते बरंच मोठं होतं. आणि खाली शेवटच्या ओळीत तिनं विचारलं होतं, छोटा एसी तिघांना पुरेल ना.

मी रीतसर कोष्टक मांडलं. खिडकी पश्चिमेला, वर गच्ची, माणसं तीन. उत्तर आलं ते तसंच कळवलं: पुरणार नाही, महिनाभर थोडं उकडेल.