बापाच्या आवाजातलं गाऱ्हाणं

भाटकाराच्या मुलाने मोबाइल टेबलावर ठेवला आणि माझ्या मेलेल्या बापाला बोलायला लावलं.

"बाये, हट्ट करू नको. डोंगर देवन टाक. भाटकार आमका उपाशी ठेवचो नाय."

तोच घोगरा आवाज. मधेच अडकणारा तोच श्वास. मी रडतच मोबाइलकडे वाकले. ऑफिसातले दोघे हसले. बस असं कोणी म्हटलं नव्हतं.

"तुज्या बापाशीचोच आवाज मगो? मगे ऐक तेचा," भाटकाराचा मुलगा म्हणाला. "जितो असताना आमच्या शब्दाभायर गेलो नाय तो."

खरं होतं. भाटकार म्हणजे जमीनमालक; आमचं घर त्याच्याच जमिनीत. बाबा त्यांच्या अंगणात उभे राहायचे, चपला हातात धरून. पायरी कधी चढले नाहीत. मेल्यावर त्यांचा आवाज तेवढा आत घेतला. एसीच्या थंड खोलीत.

आमचं गाव गोव्यातल्या पेडण्यात, पार्सेच्या बाजूला. डोंगरावरची काजूची झाडं आमच्या वाड्याने, सगळ्या वस्तीने, वाढवली. हंगामाआधी डोंगर राखणाऱ्या देवापुढे, राखणदारापुढे, पाव, विडी आणि घोटभर सोरो, म्हणजे दारू, ठेवायची. गाऱ्हाणं बाबा घालायचे. एकेका घराचं दुःख नाव घेऊन सांगायचे आणि प्रत्येक मागण्यावर आम्ही सगळे ओरडायचो, "व्हय म्हाराजा!" तिथे विचार करून कोणी बोलत नाही. तोंडातून येतंच.

भाटकाराच्या मुलाने ते सगळं रेकॉर्ड केलं होतं. परंपरा टिकवायची म्हणून. बाबा किती खूश झाले होते. भाटकाराच्या घरचं माणूस आपलं ऐकतंय!

बाबा गेले. डोंगरावर बंगले यायचे ठरले. कसणाऱ्यांची संमती हवी होती. मग घराघरात फोन वाजू लागले. त्या रेकॉर्डिंगवरून यंत्राने बनवलेला बाबांचा आवाज. प्रत्येक घराशी वेगळं बोलणं. शेजारच्या काकीशी तिच्या मुलाच्या नोकरीचं. आईशी तिच्या गुडघ्याचं. हे सगळं आम्हीच वाड्याच्या ग्रुपवर लिहिलेलं. ग्रुप भाटकाराच्या मुलाच्याच ऑफिसने काढून दिलेला. आणि शेवटी गाऱ्हाण्याचा सूर: "ह्यो डोंगर देवन सगळ्यांचा भला होवंदे रे म्हाराजा..."

आई म्हणाली, "व्हय म्हाराजा."

अख्खा वाडा म्हणाला. यंत्राने तोच होकार संमती म्हणून धरला. तो परत मागायला मी त्या ऑफिसात गेले होते.

"हो माझो बापूस नाय," मी म्हणाले.

"मगे रडतंस कित्याक?"

मी मान खाली घातली. तेव्हा दिसलं. माझ्याही चपला माझ्या हातात होत्या. दारात कधी काढल्या, कळलंच नव्हतं.

त्या खाली टाकल्या. पायात घातल्या. खुर्ची ओढली आणि बसले.

"मेलेल्याच्या तोंडान घेतलेलो होकार आमी मानूचव नाय," मी म्हणाले. "तुका डोंगर होयो तर तुज्या तोंडान माग."

तिथून मी सरळ पोलीस ठाण्यात गेले.

तक्रार लिहून घेणाऱ्याने पेन खाली ठेवलं. "मेलेल्याच्या आवाजाचो मालक कोण, ता आदी सांग. असलो कायदो खंय आसा?" नसेल तर करा! आमची जमीन घेतली, घाम घेतला. आता आमचे मेलेलेही कामाला जुंपताय, आमच्याच विरुद्ध. ज्याच्या हाती यंत्र, त्याला विचारणारा कोणीच नाही?

घरी आई फोन उराशी धरून बसलेली.

"बंद करू नको गो बाये. जेवलंस काय, म्हणान विचारता तो माका."

जिवंत असताना बाबांनी तिला हे कधी विचारलं नव्हतं.

मी फोन घेतला. तिच्यादेखत तो नंबर बंद केला. दुसऱ्यांदा अग्नी दिल्यासारखं वाटलं. तेव्हापासून आई माझ्याशी बोलत नाही. तिच्या जागी मीही बोलले नसते.

यंदा राखणदारापुढे मी उभी राहणार. बाईमाणसाने गाऱ्हाणं घालायचं नसतं म्हणतात. मी घालणार. मोबाइल सगळ्यांनी पायथ्याशी ठेवायचे. आणि वाड्याला मी एकच सांगणार आहे: आधी बोलणाऱ्याचं तोंड बघा. ते जिवंत आहे का, आपलं आहे का, बघा. मगच व्हय म्हणा.