मोठ्याने वाच

शाळेतून फोन आला तेव्हा लिफ्टवाले एका दवाखान्याच्या गच्चीवर, मशीनच्या खोलीत, कोपरापर्यंत ग्रीसने माखले होते. लिफ्ट दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा, म्हणून सगळे त्यांना लिफ्टवालेच म्हणत. फोन मुलीच्या वर्गशिक्षिकेचा होता. ‘सवडीने येऊन जा’ एवढंच त्या म्हणाल्या, पण आईबापांना असल्या बोलावण्यावर सवड कुठली सुचते! हात पुसून ते तडक शाळेत गेले.

मुलगी पाचवीत. उत्तर येईनासं झालं की गाल फुगवून गप्प बसायची, म्हणून घरात तिचं नाव खारू पडलं होतं. बाईंनी आडपडदा न ठेवता सांगितलं.

“मुलगी मठ्ठ नाही हो. पण वाचन कच्चं आहे आणि गणितात तर पार मागे पडलीय. तिच्याशेजारी कुणीतरी निवांत बसायला हवं. माझ्या वर्गात एवढी मुलं, मी तिच्या बाकापर्यंत पोचते तोवर घंटा होते.”

हे सांगताना बाईंचाच आवाज पडला होता. लिफ्टवाल्यांना त्यांचा राग आला नाही, उलट बरंच वाटलं. कुणीतरी वेळेवर सांगितलं तरी.

पैसे देऊन शिकवणी लावणं झेपणारं नव्हतं. तेव्हा त्यांनी तोंड उघडायचं ठरवलं. ज्या इमारतीत लिफ्ट तपासायला जात, तिथे रखवालदारापासून डॉक्टरपर्यंत सगळ्यांना विचारू लागले, “मुलांना फुकट शिकवणारं कुणी माहितीये का?” पहिल्यांदा विचारताना जीभ अडखळली. मग सवय झाली.

पहिला पत्ता मिळाला तो एका सभागृहातल्या वर्गाचा. संध्याकाळी लांबच लांब टेबलांवर मुलं बसायची आणि उत्साही तरुण पोरं त्यांचा गृहपाठ करून घ्यायची. खारूच्या वहीत पानोपानी बरोबरच्या खुणा येऊ लागल्या. लिफ्टवाले खूश. मग शाळेत चाचणी झाली आणि खारूने पुन्हा भोपळा आणला.

तिची आई एका दुकानात पडदे शिवायची. तिने वही उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाली, “अहो, वही हुशार झाली. पोरगी आहे तिथेच आहे.”

खरंच होतं ते. खारू अडली की ती दयाळू पोरं पटकन उत्तर सांगून मोकळी व्हायची, कारण मागे दहा हात वर असायचे.

दुसरा पत्ता फोनवरचा. दूरच्या कॉलेजातली एक ताई आठवड्यातून दोनदा फोनवर दिसायची आणि शिकवायची. गोड होती, जीव तोडून शिकवायची. खारू मान डोलवायची, “हो, कळलं” म्हणायची. महिनाभराने एकदा ताईने वडिलांनाच फोनवर बोलावलं.

“काका, रागावू नका. ती हो म्हणते, पण तिला कळत नाहीये. आणि मला इथून तिची वही नीट दिसतसुद्धा नाही. मी तिला धरून ठेवलं तर तिचंच नुकसान होईल. तुमच्याकडच्या ग्रंथालयात विचारा ना, बऱ्याच ठिकाणी एकास एक शिकवतात.”

परक्या मुलीला आपल्या लेकीची एवढी काळजी! “तू फार मोठं काम केलंस, बाळा,” लिफ्टवाले म्हणाले.

ग्रंथालयाची लिफ्ट त्यांच्याच देखरेखीखाली होती. कितीतरी वेळा त्या इमारतीत वर-खाली केलं होतं, पण मागच्या खोलीत काय चालतं ते कधी डोकावून पाहिलं नव्हतं. ग्रंथपालबाईंनी ती खोली दाखवली. छोटी टेबलं, प्रत्येक टेबलाशी एक मोठं माणूस आणि एक मूल.

“सध्या दोघं मोकळे आहेत,” त्या म्हणाल्या. “एक निवृत्त इंजिनियर आहेत. आणि एक आजी आहेत, छापखान्यात मुद्रितं तपासायच्या, छपाईतल्या चुका काढायच्या. एकेक तास दोघांकडे बसवा. तुम्ही कोपऱ्यात बसून बघा. आणि ठरवताना तिलाही विचारा बरं का.”

लिफ्टवाल्यांचं मन आधीच ठरलं होतं. गणिताला इंजिनियर सोडून आजी कोण घेईल? त्यातून आजींनी पहिल्या झटक्यातच सांगून टाकलं, “मला कमी ऐकू येतं. यंत्रांच्या खडखडाटात आयुष्य गेलं. हे कानातलं यंत्र लावते, पण तेही माझ्यासारखंच, लहर लागेल तेव्हा चालतं.”

इंजिनियर साहेबांचा तास सुरेख झाला. चित्रं, तक्ते, पट्टीने आखलेल्या रेघा. कोपऱ्यात बसलेल्या लिफ्टवाल्यांना स्वतःला अपूर्णांक नव्याने कळले. खारू मात्र गाल फुगवून बसली होती.

मग आजींचं टेबल. त्यांनी पुस्तक खारूपुढे सरकवलं. “वाच.”

खारू पुटपुटली.

“मला नाही आलं ऐकू. मोठ्याने वाच.”

“दुकानात दोनशे चाळीस वह्या होत्या. दुकानदाराने पंच्याऐंशी वह्या विकल्या—”

“काय केलं दुकानदाराने?”

“विकल्या!” खारू जवळजवळ ओरडली. शेजारच्या टेबलावरचा मुलगा फिस्सकन हसला.

“बोट ठेव शब्दाखाली. काय असेल ते नको वाचूस. काय छापलंय ते वाच.”

खारूने बोट ठेवलं. एकेक अक्षर करत, सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, “आणखी... पंच्याऐंशी... वह्या... विकत... घेतल्या.” आणि थांबली. डोळे मोठे झाले. “अय्या! घेतल्या! म्हणजे वाढल्या ना?”

“मला काय विचारतेस, दुकानदाराला विचार,” आजी म्हणाल्या.

खारू खदखदून हसली. अभ्यासाच्या टेबलाशी तिला हसताना बापाने कितीतरी दिवसांनी पाहिलं. पोरीला बेरीज-वजाबाकी येत होती, ती शब्दाचं पहिलं अक्षर बघून बाकीचा अंदाजाने ठोकून देत होती. ते बापाला आत्ता उमगलं.

घरी जाताना त्यांनी विचारलं, “मग, कुणाकडे जायचं?”

“आजींकडे.”

“का गं? सर किती छान शिकवतात.”

खारूने विचार केला. “सरांना सगळं आधीच कळतं. आजींना ऐकू येत नाही ना, म्हणून मला सगळं नीट सांगावं लागतं. सांगताना मला कळतं.”

साहेबांना नकार कसा द्यायचा, या विचाराने लिफ्टवाल्यांना दोन दिवस चैन पडेना. साहेबांनी ऐकून घेतलं आणि आपले तक्ते गुंडाळून त्यांच्या हातात दिले. “हे आजींना द्या. अपूर्णांकात त्या अडकतात, मला माहितीये. लागेल तेव्हा मी दोन टेबलं सोडून बसलेलाच आहे.” आणि ते खरोखर येत राहिले, खुर्ची ओढून, तिघांत तिसरे.

वर्षाच्या शेवटी खारू पहिली-बिहिली आली नाही. सगळ्या विषयांत पास झाली, गणितात बऱ्यापैकी. लिफ्टवाले ग्रंथालयात गेले तेव्हा मनात बरंच काही घोळत होतं. आभार मानायचे तर ते हळू आवाजात मानायची त्यांची सवय. तसे मानलेही.

“काय म्हणालात?” आजींनी कानाशी हात नेला.

“तुमचे फार उपकार झाले!” ते ओरडले. आख्ख्या वाचनालयाने माना वर केल्या. ग्रंथपालबाईंनीसुद्धा, पण त्या दिवशी कुणाला गप्प करायचं त्यांच्या मनात आलं नाही.

आजी म्हणाल्या, “उपकार कसले? घरी सगळे माझ्याशी खाणाखुणांनी बोलतात. दमतात बिचारे. तुमची लेक मला आख्खी वाक्यं ऐकवते. आठवडाभर मला ती पुरतात.”

त्या रात्री जेवताना खारूच्या आईने हळूच सुचवलं, आणि दुसऱ्या दिवशी लिफ्टवाल्यांनी त्या दूरच्या ताईला फोन लावला. निकाल ऐकून ती इतकी आनंदली की तिचा शब्द धड कळेना. शेवटी फोन खारूने घेतला आणि कुठल्या विषयात काय झालं ते तिला सावकाश, खणखणीत आवाजात सांगायला सुरुवात केली.