मुजावरांच्या मुलीचं पानिपत

"टॉपिक अच्छा है, लेकिन इस स्टुडंट के लिए ठीक नहीं," असं म्हणून आमच्या संशोधन समितीच्या चेअरमननी रुखसानाचा सिनॉप्सिस बाजूला सारला. सिनॉप्सिस म्हणजे पीएचडीचा आराखडा. तो या बैठकीत मंजूर झाला नाही, तर तिचं रजिस्ट्रेशन रद्द होणार होतं. मी तिची गाइड.

रुखसाना मुजावर दिल्लीत, आर. के. पुरमच्या सरकारी वसाहतीत वाढलेली. वडील मिनिस्ट्रीत, मूळचे मिरजेचे. तिचा विषय होता काला अंब, म्हणजे पानिपतच्या तिसऱ्या लढाईचं स्मारक. संक्रांतीच्या सुमाराला महाराष्ट्रातून माणसं गाड्या भरभरून तिथे येतात. हरलेल्या लढाईला नमस्कार करायला इतक्या लांब का येतात, हे तिला शोधायचं होतं. आमच्या विभागात असंच शिकवतात: पोस्टकलोनियल, डिकलोनियल राजकारण. साध्या भाषेत सांगायचं तर, इंग्रज गेले, पण माणसांना खान्यांत घालायची त्यांची सवय आपल्या डोक्यात राहिली. ती ओळखायची आणि सोडायची.

"अडचण काय आहे, सर?" मी विचारलं.

"पोझिशनॅलिटी, मॅडम."

म्हणजे संशोधकाने आपण कुठे उभं राहून बघतोय, ते आधी सांगून टाकायचं. नियम चांगला आहे.

"मुस्लिम लडकी, और पानिपत," चेअरमन आवाज खाली आणून म्हणाले. माणूस मनाने वाईट नव्हता. "लोग इससे खुलकर बात नहीं करेंगे. कम से कम लिख दे कि आउटसायडर है. आज ही पास कर देते हैं."

समितीतल्या बाकी दोघांनी माना डोलावल्या. मला राग आला. इंग्रजांच्या जनगणनेवर जन्मभर लेख लिहिलेली ही माणसं, आणि पोरीचं आडनाव वाचून तिला खान्यात बसवून मोकळी! पण मंजुरी त्यांच्याच हातात होती. अडला हरी! मी शेजारी बसलेल्या रुखसानाकडे पाहिलं.

"लिहिते, सर," ती म्हणाली. तिचं हिंदी इथे मराठीत सांगते. "पण कशाच्या आधारावर लिहू? मी संक्रांतीला तिथे जाऊन आले. एका आजींनी नाव विचारलं, मी पूर्ण सांगितलं. त्या म्हणाल्या, 'मुजावर? म्हंजे आमच्याकडचीच की गं तू!' हातावर तिळगूळ ठेवला आणि त्यांच्या घराण्यातलं कोण कोण लढाईत गेलं, ते सांगत बसल्या. दिवसभरात आउटसायडर मला कोणी म्हटलं नाही. ते आज इथे पहिल्यांदा ऐकतेय. मग ही बैठकपण फील्डवर्कमध्ये धरू का?"

चेअरमननी चहाचा कप तोंडाला लावला. कप रिकामा होता.

"रख लो," ते शेवटी म्हणाले. "लेकिन यार, मेरा नाम मत लिखना."

आणि सही केली.

नाव तिने लिहिलं नाही. पहिल्या प्रकरणात ती बैठक मात्र आहे, तिळगुळाच्या लगेच खाली.

आता पोझिशनॅलिटी शिकवताना मी एवढंच सांगते. आपण कुठे उभे आहोत, ते आपण लिहावं. दुसरा कुठे उभा आहे, हे त्याला विचारावं. त्याच्या आडनावाला विचारू नये.