कपाटामागची भिंत

अक्कांच्या बोटाला ओलं लागलं की त्या ते लगेच पुसत नसत. आधी ओट्यावर, फरशीवर, दिसेल त्या जागी एकसारख्या आकृत्यांची ओळ काढत, मग हात पदराला. अमळनेरला त्या माझ्या शेजारीण होत्या. मी कामं कागदावर लिहून एकेक खोडणारी बाई. मला आधी हा निव्वळ रिकामपणाचा चाळा वाटे.

हळूहळू कळलं, घरातली एकही वस्तू त्यांच्या हातून सुटलेली नव्हती. दोरीवरचे चिमटे, भेंडीची चकती, वाळत घातलेले ज्वारीचे बिबडे, कापसाचं रिकामं बोंड. जुन्या कॅलेंडरांच्या पाठी या नक्ष्यांनी भरलेल्या. मध्ये जागा उरलीय, अजून दोन फुलं बसतील, असं मी एकदा सुचवलं.

"दाटी केली की नक्षी गुदमरते," त्या म्हणाल्या. "तुमच्या दिवसासारखी."

नक्ष्या घरातल्याच, कारण अक्का घराबाहेर पडतच नसत. त्यांच्या सासूबाईंना सगळी गल्ली माय म्हणे. मायचं डावं अंग लुळं पडलेलं. यजमान कापसाच्या खरेदीसाठी गावोगाव. उचलणं, कूस बदलणं, भरवणं, सगळं अक्कांवर. भाजीला जायचं तरी मला मायजवळ बसवून, घाईघाईनं.

भिंतीवर किनार काढायची तर आधी सरळ रेघ हवी, आणि तिला दोन माणसं लागतात. गेरूत बुडवलेल्या दोऱ्याचं एक टोक माय खाटेवरून उजव्या हातानं धरी, दुसरं अक्का ताणत, आणि मधोमध टिचकी मारली की लाल रेघ उमटे. रेघ वाकली की अक्का मायला बोल लावत.

"मी नही सोडा व, तूच हालनी," माय म्हणे. या भांडणात दोघी खुशीत असत.

मी कॅलेंडरांचे फोटो धुळ्याला चादरी छापणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडे पाठवले. त्यानं अक्कांना कामच देऊ केलं. रोज यायचं, नव्या नक्ष्या काढायच्या. एसटीनं तासाभराचा रस्ता. मला वाटलं, अक्का नको म्हणतील.

"या घरातलं आता सगळं काढून झालंय," एवढंच म्हणाल्या.

मग मी कंबर कसली. बोदवडहून त्यांच्या नणंदेला राहायला बोलावलं, औषधांच्या वेळा लिहून खाटेपाशी चिकटवल्या. मायनं परवानगी दिली, "जाय बेटा. सांजले ये."

अक्का गेल्या आणि सांजेला परतल्या. जिन्यातच मला थांबवून छपाईच्या चौकटी कशा सरकतात ते हातवारे करून सांगत होत्या. आत नणंद रडत बसलेली. तिच्या एकटीच्यानं मायला उचलणं झालं नव्हतं. माय दुपारपासून ओल्या अंथरुणात होती. तिनं हाक मारली नाही, तक्रार केली नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. अक्कांनी अंथरूण बदललं, अंग पुसलं, समजूत काढली. माय बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी अक्का बसला गेल्या नाहीत. मी उपाय मांडले. मदतीला एक बाई ठेवू, जेवणाच्या सुट्टीत मी येत जाईन. अक्का भाकरी थापत ऐकत होत्या.

"ती मला चार शब्द बोलली असती ना," त्या म्हणाल्या, "तर मी आजही गेले असते."

धुळ्याचा विषय तिथं संपला. काही महिन्यांनी माझी जळगावला बदली झाली. निरोप घ्यायला गेले तेव्हा माय तशीच भिंतीकडे तोंड करून होती. त्या भिंतीवर, खाटेच्या उंचीला, नवी किनार होती. उभ्या माणसाला ती नीट दिसत नव्हती, मला उकिडवं बसावं लागलं. एसटीच्या खिडक्या, एकीला लागून एक. प्रत्येक खिडकीत एका बाईचं डोकं, तोच अंबाडा, तेच बाहेर बघणं. मायचं बोट एका खिडकीवरून दुसरीवर सावकाश सरकत होतं.

खाटेच्या पायथ्याशी किनार लोखंडी कपाटापाशी येऊन थांबली होती. अक्का कपाटाला खांदा लावून उभ्या होत्या.

"जाण्याआधी जरा हात लावा," त्या म्हणाल्या. "याच्या मागे अजून भिंत आहे."

मी पिशवी खाली ठेवली आणि हात लावला.