विस्तव मागायला येणारी

गंगाखेडला आमच्या शेजारी एक विधवा बाई एकटीच राहायची. रोज सकाळी खापर घेऊन ती आमच्या चुलीतला विस्तव मागायला यायची. उंबऱ्याबाहेरच उभी राहायची. आधी गाईची चौकशी करायची, मग आईची. ठिणगी उडू नये म्हणून निखाऱ्यांवर राख पसरायची आणि सावकाश निघायची.

मी बाळंतपणाला माहेरी आले, तेव्हा आईनं स्वयंपाकघर नवं करायला काढलं होतं. चूल फोडून ओटा बांधला, त्यावर रॉकेलचा स्टोव्ह आला.

"चांगलं झालं माय, धूर गेला," बाई म्हणाली आणि रिकामं खापर घेऊन परत गेली. मग तिचं येणंच थांबलं.

ऐन थंडीत मला मुलगी झाली. सकाळी बाई दारात उभी होती. स्वतःची चूल पेटवून तिनं खापर भरून निखारे आणले होते.

"शेकायला इस्तू लागंल. तुमच्याकडं आता न्हाई."

पहिल्यांदाच ती आत आली, शेगडी भरली आणि मान वळवून निघाली.

"मावशी, लेक बघा की," मी म्हणाले.

"माझी नजर कशाला तिला?"

आईनं मुलगी उचलून तिच्यापुढं धरली. बाईनं राखेचे हात पदराला पुसले, पुन्हा पुसले आणि मग मुलीला घेतलं.