डोंगराची पाठ

पॉइंटवर पहिल्यांदाच आलेली मावशी त्या प्रसिद्ध डोंगराकडे बराच वेळ बघत राहिली. तिचं माहेर त्याच्याच पायथ्याचं. शेवटी म्हणाली, "अरे, ही तर त्याची पाठ! तोंड पलीकडं आहे, आमच्या गावाकडं."

मला फसवल्यासारखं झालं. थंड हवेसाठी आलेल्या कुणा गोऱ्या साहेबानं इथं बाक टाकला. त्यावरून दिसला तेवढा डोंगर चित्रात गेला, मग कॅलेंडरवर आणि माझ्या शाळेच्या भिंतीवर. ‘आपला सह्याद्री’ म्हणून आयुष्यभर छाती फुगवली, ती त्या परक्या बाकावरून!

"सर, इथं उभे राहा," फोटोवाला म्हणाला. "सगळे इथंच उभे राहतात."

तिथला दगड झिजून खोलगट झाला होता. माझे पाय त्यात अगदी नीट बसले.